बर्फ तुझ्यासाठी आणला होता

बेबी, मरायचंच होतं तर पौषात मरायचं होतं. थंडी असती, लोक उन्हात खुर्च्या टाकून निवांत बसले असते, तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलून गेले असते. पण तुले सापडला मे महिना, अन् त्यातही नवतपा, वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बाहेर पाऊल ठेवलं की चपलेचा तळवा चिकटून राहिला, रस्त्यावर कुत्रं दिसेना, अन् आमच्या बेबीबाईंनी नेमका हाच मुहूर्त काढला. बरं, जन्मभर उन्हाशी भांडली, तर उन्हात पडून गेली असती तरी मी समजून घेतलं असतं. तेही नाही. कूलरसमोर मस्त पाय पसरून झोपली, अन् सकाळी मी चहा घेऊन आली तर उठायचं नावच नाही. मी दोनदा ओरडली तुझ्यावर. 'चहा निवून राहिला, नंतर म्हणू नको गरम करून दे.' तुले शेवटचं बोललेलं माझं वाक्य हेच, अन् ते तू ऐकलंही नाही.

आपल्या मराठी मंडळाची माणसं येऊन गेली. म्हणे, वहिनी, स्मरणिकेसाठी बेबीताईंवर दोन पानं लिहून द्या. जन्म, शिक्षण, नोकरी, सेवाभाव. मी म्हटलं, सेवाभाव गेला चुलीत, मले तिच्याशी भांडायचं आहे, ते छापता का? बिचारे सरबत पिऊन निघून गेले. म्हणून हे तुलेच लिहून राहिली. कुठं वाचायचं ते तू पाहून घे.

मी या घरात सून म्हणून आली तेव्हा तू दोन वेण्या घालून रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत पोट्ट्यांसोबत कबड्डी खेळायची. साठीले टेकली तरी घराले तू बेबीच. शाळेत मात्र खेळाच्या मॅडम. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे जोडे, अन् आवाज असा की सदर बाजारातल्या गर्दीत हाक मारली तर चार स्कूटरवाले ब्रेक लावायचे. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, 'वहिनीले सांभाळता सांभाळता वेळच नाही भेटला.' वा गं वा! कोण कोणाले सांभाळून राहिलं होतं, ते भिंतींले विचार.

आता ताडपत्रीचं बोलते. ते बोलल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

ती निळी ताडपत्री माझी होती. छतावर कुरड्या, पापड, वड्या वाळवायले मी स्वतः जाऊन घेतली होती, चांगली जाड, काठाले पितळी कड्या असलेली. होळी झाली की मी गहू भिजवायची. त्याचा चीक काढायचा, तो शिजवायचा, हात भाजून घ्यायचे, सोऱ्या भरून छतावर चढायचं, अन् पाहायचं तर छत मोकळं. ताडपत्री गेली ग्राऊंडवर. पहिल्यांदा झालं तेव्हा मी सगळ्या कुरड्या जुन्या धोतरावर घातल्या, त्या अशा चिकटल्या की धोतरासकट तळाव्या लागल्या असत्या. तू संध्याकाळी आली, ओली ताडपत्री खांद्यावर, अन् काय म्हणते? 'वहिनी, आज तुझ्या ताडपत्रीनं एक पोट्टी वाचवली.' यावर माणसानं भांडायचं तरी कसं? भांडली मी. पण मजा नाही आली.

आपलं राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा लोकांच्या घरी काय काय आलं. कोणाच्या खोल्यांचं भाडं चढलं, कोणाचा पोट्टा मंत्रालयात चिकटला, कोणी जमिनी विकून गाड्या घेतल्या. आपल्या घरी काय आलं? पोलीस भरतीच्या पोट्ट्या. खेड्यापाड्यातून यायच्या, एक पिशवी, एक जोडी चपला, डोळ्यांत खाकी वर्दी. तू त्यांले पळवायची, लांब उडी शिकवायची, अन् रात्री आपल्या ओसरीत झोपवायची. पोळ्या कोण करायचं? मी. भरती निघायची ती नेमकी उन्हाळ्यात, म्हणून सरावही उन्हाळ्यात. सकाळी लवकर पळवायची तू, पण गावाकडची बस उशिरा आली की त्या दहाच्या उन्हात पळायच्या, कारण एक दिवस बुडवायची त्यांची तयारी नसायची.

दुलारी गेली ते पहिल्याच वर्षी. तुले नाव ऐकायलेही आवडायचं नाही, पण आज ऐक. तू उठून जाऊ शकत नाही.

काळीसावळी, हसरी पोट्टी. शेवटच्या चकरीत ती वाकडी पळायले लागली, मग हसायले लागली, मग आपल्या आईले हाका मारायले लागली, अन् आई तर गावाले. पडली. सगळे धावले, लू लागली, लू लागली. कोणी तळव्यांले कांदा चोळला, कोणी पदरानं वारा घातला. तुले माहीत होतं काय करायचं. भोपाळच्या शिबिरात एका डॉक्टरानं तुले दाखवलं होतं की असं माणूस पेटलं की सरळ थंड पाण्यात बुडवायचं, बर्फ असला तर बर्फ टाकायचा, अन् मग दवाखान्यात न्यायचं. तू बादली उचलली होती. अन् तुझे दादा, तुझा डबा द्यायले आले होते, त्यांनी तुझा हात धरला. 'बेबी, तापलेल्या अंगावर थंड पाणी? गरम-सर्द होईल! नस फुटेल पोट्टीची. मेली तर तिचा खून तुझ्या माथी.' आजूबाजूचे दहा जण हो हो म्हणाले. आपल्याकडे हे सगळ्यांले आईच्या दुधासोबत शिकवलेलं, उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नको, अंगावर घेऊ नको, गरम-सर्द होते. तू बादली खाली ठेवली. गाडी यायले वेळ लागला. दवाखान्याच्या दारात पोट्टी गेली.

त्या दिवसापासून तू कोणाचं ऐकलं नाही. माझी ताडपत्री नेली.

मी एकदा पाहायले आली होती, आठवते? मले वाटलं, बघू तरी ही बाई माझ्या ताडपत्रीचं काय करते. गन्नारसवाल्याचा बर्फ पोत्यात, पाण्याचे ड्रम झाडाखाली, अन् खेमिन नावाची एक धिप्पाड पोट्टी मधे पडलेली, डोळे फिरलेले. सात-आठ पोट्ट्यांनी ताडपत्रीच्या कडा धरून वर उचलल्या, झोळी झाली, त्यात खेमिन, वरून बादल्यांवर बादल्या, वरून बर्फ. तू तिचं डोकं दोन्ही हातांत धरून बसली होती अन् शिट्टी तोंडात ठेवूनच सगळ्यांवर ओरडत होती. मी तोंडाले पदर लावला. मले वाटलं, आता ही जेलमध्ये जाते अन् माझी ताडपत्री पोलीस जप्त करतात. थोड्या वेळानं पोट्टी थडथड कापायले लागली, डोळे उघडले, अन् म्हणाली, 'मैडम, मोर दौड़ पूरा होइस का?' तू तिले एक चापट मारली अन् रडायले लागली. बर्फाच्या पाण्यात बसून रडून राहिली होती मोठी खेळाची मॅडम.

अन् घरी? घरी रोज संध्याकाळी महाभारत. तुझे दादा रेल्वेतून रिटायर झाले होते, त्यांले दुसरं काम काय. बसले की म्हणणार, 'नशीब चांगलं म्हणून वाचली. तू काही वाचवलं नाही.' त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कांदा. फाल्गुनात एकदा खिशात गेला की मृग लागल्यावरच बाहेर. जन्मभर रेल्वेची नोकरी उन्हात केली अन् लू लागली नाही, ती म्हणे कांद्यामुळं. अन् तू ताटावरून मान वर न करता म्हणायची, 'दादा, तो कांदा भाजीत घाल.' रोज. रोज तेच. मी म्हणायची, मी पोळ्या लाटू का तुमचा निवाडा करू? दोघंही माझ्याकडं पाहायचे, जशी काही मीच हायकोर्ट.

दुलारीचं नाव मात्र तुम्ही दोघांनीही कधी घेतलं नाही. भांडण सगळं खेमिनवर, कांद्यावर, बर्फावर. एकदाच, दादा तीर्थाले गेले होते तेव्हा, तू निवडायची भाजी हातात घेऊन म्हणाली होती, 'वहिनी, दादानं एकदा म्हणावं, बेबी, तू बरोबर होती. बस. मले दुसरं काही नको.' मी म्हटलं, मग विचार ना त्यांले. तू म्हणाली, 'मांगून घेतलेलं काय कामाचं?' अन् मेथीची सगळी पानं कचऱ्यात अन् काड्या ताटात टाकल्या.

मलेही सोडलं नाही तू. मी फोडणी देऊन राहिली, अन् मागून आवाज, 'वहिनी, सांग. माणूस तापला, बरळला, तोल गेला. आधी काय?'

'आधी तू बाजूले हो, तेल उडते.'

'आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. गळ्यापर्यंत पाणी. डोकं धरून ठेवायचं. पाणी हलवत राहायचं. तोंडात पाणी ओतायचं नाही, घशात अडकते. बाहेर कधी काढायचं?'

'तू स्वयंपाकघराबाहेर निघशील तेव्हा.'

'थंडी वाजली अन् नीट बोलला की. ध्यानात ठेव.'

अवं, कशाले ठेवू ध्यानात? मी काय पोलिसात भरती होणार होती का या वयात? पण तू इतकं घोकवलं की मले झोपेतही पाठ. रामरक्षा एखाद्या वेळी मधे अडखळते, हे अडखळत नाही.

तर तू गेली त्या सकाळी.

माझा आशिष पुण्यात. तुझा लाडका भाचा, तुझ्या मांडीवर वाढला, 'आत्याले मीच अग्नी देणार, थांबा,' म्हणाला. त्याले पोचायले संध्याकाळ होणार होती. नवतप्यात दिवसभर ठेवायचं म्हणजे बर्फ पाहिजे. तुझे दादा स्वतः गेले. मी म्हटलं, कोणाले तरी पाठवा, तर म्हणे, 'माझ्या बहिणीचं काम मी करतो.' डोक्याले दुपट्टा नाही, सुतकात काय बांधायचा म्हणे. सायकलरिक्षावर बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून सदर बाजारातून आणल्या, गर्दीत अडकले, निम्मा बर्फ पाणी होऊन रस्त्यावर सांडला. आणून तुझ्या दोन्ही बाजूले लावल्या. मग अंगणात उभे. बांबू आले का, मडकं आलं का, कोणाले फोन झाला. घरात चूल नव्हती पेटली, ते तर ठीक, पण यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. 'बेबीले नेईस्तोवर नाही.' मी हात जोडले. मी म्हटलं, तुम्हीही आडवे व्हा, म्हणजे एकाच खर्चात दोघांचं होते. रागानं बोलली मी. राग येणार नाही का? एक बहीण न सांगता निघून गेली, अन् भाऊ उन्हात उभा राहून तिले सोबत करायले निघाला.

दुपार कलायच्या आधी ते आत आले. तुझ्याजवळ उकिडवे बसले अन् मोठ्यानं म्हणाले, 'बेबी, ऊठ. शाळेची घंटा झाली. डबा घेतला का?'

सगळ्या बाया रडायले लागल्या. प्रमिलाकाकू, तुझ्या चुलत घरच्या, ज्यांच्या सांगण्याशिवाय आपल्याकडं ना बारसं होते ना तेरवी, त्या डोळे पुसत म्हणाल्या, 'पाहा बाई, भावाचं काळीज कसं तुटते.' मीही रडली. मग ते उठले अन् हसले. बेबी, हसले. अन् दाराकडं निघाले ते वाकडे, खांबाले धरायले गेले तर खांब हाताले लागेना. मी दंड धरला त्यांचा. तव्यावर हात ठेवल्यासारखं झालं. अन् घामाचा थेंब नाही.

आमचं सगळं घर त्याले दुःख समजून राहिलं होतं. अन् माझ्या कानात, तुझ्या मड्याच्या समोर, तुझाच आवाज. वहिनी, सांग. तापला, बरळला, तोल गेला. आधी काय?

तोवर ते कोसळलेच. मग काही विचारू नको. काकू म्हणतात कांदा आणा, कोणी म्हणते समता कॉलनीत डॉक्टर आहे तिकडं न्या, कोणी ऑटो शोधायले धावलं, अन् त्या उन्हात ऑटो कुठून भेटणार. मी ओरडली. बाई, मी जन्मात कधी इतकी ओरडली नव्हती. 'खेमिन! ताडपत्री!'

हो, खेमिन आली होती. तुझी खेमिन आता ट्रॅफिकमध्ये आहे, चौकातली ड्युटी सोडून वर्दीतच आली होती, ओसरीत भिंतीले टेकून बसली होती. तिले दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. 'हव काकी,' म्हणाली अन् जिना दोन उड्यांत चढली. ताडपत्रीवर माझे पापड होते. तिनं ते छतावरच झटकले. झटकू दे.

ओसरीत झोळी धरली. खेमिन, तिच्यासोबत आलेल्या तुझ्या चार पोट्ट्या, शेजारचे दोघं. नळ उघडला तर छतावरच्या टाकीचं पाणी, चहा करता आला असता त्यात. मी म्हटलं, कूलरच्या टाक्या उपसा. दोन्ही कूलरचं थंडगार पाणी बादल्यांनी ओतलं. पुरलं, पण तेवढ्यानं अंगाची आग हटेना, डोळे तसेच फिरलेले. खेमिन म्हणाली, 'काकी, बरफ कहाँ हे?'

बर्फ कुठं होता, तुले माहीत आहे.

मी आत आली तर काकू माझ्यासमोर आडव्या. 'अवं, डोकं फिरलं का तुझं? मड्याजवळचा बर्फ जित्या माणसाले लावते? तुझं कुंकू आहे ते! अन् वरून गरम-सर्द! काहून वैर काढून राहिली त्याच्यावर?' मागून दोघी-तिघी म्हणाल्या, नको, नको, अपशकून आहे. भीती मलेही होती, खोटं कशाले सांगू. काही झालं असतं तर जन्मभर लोकांनी म्हटलं असतं, हिनं नणदेचा बर्फ नवऱ्याले लावला अन् मारलं. तुले जे म्हणाले होते तेच. खून तुझ्या माथी.

मी म्हटलं, 'काकू, बाजूले व्हा. बेबीले आता गरज नाही, यांले आहे.' अन् तुझ्याजवळ बसली. तुझा हात बर्फाजवळ राहून राहून पांढरा पडला होता. मी तुझ्या कुशीतली लादी ओढली. जड होती, सरकेना. मी म्हटलं, 'बेबी, दे. माझी ताडपत्री इतकी वर्षं वापरली ना, आता दे.' सरकली.

तीन लाद्या नेल्या. उंबऱ्यावर आपटून फोडल्या, झोळीत टाकल्या. मी त्यांचं डोकं धरून बसली, जसं तू धरायची. तोंडात पाणी ओतायले कोणीतरी तांब्या आणला, मी तो हातानं उडवला. पाणी हलवा, हलवा, मी ओरडून राहिली, अन् आवाज माझा नव्हता, तुझा होता. फक्त शिट्टी नव्हती. शेजारच्याचा हात थकला, झोळीचा कोपरा खाली आला, तर कोणी धरला माहीत आहे? काकूंनी. तोंडानं रामरक्षा अन् मधे मधे मले शिव्या, पण कोपरा सोडला नाही.

किती वेळ गेला, मी पाहिलं नाही. मग त्यांचे दात वाजायले लागले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

'बेबी,' म्हणाले, 'पुरे आता. थंडी वाजून राहिली. काढ ना बाहेर.'

घे! आता काय करू? तू सांगितलं होतं, थंडी वाजली अन् नीट बोलला की काढायचं. थंडी तर वाजून राहिली होती. पण हे नीट बोलणं म्हणायचं का? तू तिकडं आडवी, अन् हे तुले हाक मारून राहिले. शुद्धीवर आले की अजून बरळून राहिले? याचं उत्तर तू शिकवलंच नव्हतं! इतकं घोकवलं अन् नेमकं हेच नाही सांगितलं. मी खेमिनकडं पाहिलं. तिनं वाकून विचारलं, 'काका, आज का दिन हे? आज का होना हे घर म?' म्हणजे आज कोणता दिवस, घरात आज काय व्हायचं आहे.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, बर्फाकडं पाहिलं, मग आतल्या खोलीकडं. म्हणाले, 'आज बेबीले न्यायचं आहे.'

अन् रडायले लागले. मी म्हटलं, काढा बाहेर. शुद्धीवर आले.

मग ऑटो आला, ऑटोच तो, सगळं झाल्यावरच येणार. दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, घरी काय केलं? मी सांगितलं. तो इतकंच म्हणाला, बरं केलं, आधी गार करून आणलं. मले वाटलं त्याले म्हणावं, हे वाक्य कागदावर लिहून दे, घरी एकजण वाट पाहून राहिली आहे. मग आठवलं.

यांले दवाखान्यात ठेवून मी घरी परतली, अन् संध्याकाळी आशिष आला. त्याले तर मराठी समजते, पण घाबरला की हिंदीच निघते तोंडातून. 'आई, पापा कैसे हैं? आत्या का बर्फ इतना कम क्यों है?' मी म्हटलं, बाळा, तुझ्या आत्यानं दिला. बेबी, तुले न्यायले उशीर झाला, बर्फही कमी पडला, पण तू काही तक्रार केली नाही. जन्मात पहिल्यांदा. खांदा तुझ्या पोट्ट्यांनी दिला. काकू काहीतरी म्हणायले गेल्या, पण त्यांचे हात अजून दुखत होते, तेच चोळत बसल्या. यांले तुले पोचवायले जाता आलं नाही. दवाखान्यातल्या खाटेवर पडून फोनवर विचारत राहिले, निघाली का, पोचली का, झालं का.

मले वाटलं होतं, आता तरी हे म्हणतील. कसचं काय! घरी येऊन दोन दिवस झाले नाहीत तर भेटायले आलेल्यांले सांगून राहिले, 'खिशात कांदा होता म्हणून वाचलो.' कांदा! भिजलेल्या सदऱ्याच्या खिशातून तो मीच काढला, सडका, बर्फाच्या पाण्यानं फुगलेला. मी म्हटलं, तुम्ही झोळीत कोणाले हाक मारली, ते सांगा ना लोकांले. म्हणे, 'मी? मी काही हाक-बीक मारली नाही. मी शुद्धीत कुठं होतो.' मी इतकी चिडली, बेबी. मी ताट वाढून राहिली होती, अन् तुझ्या जागेकडं पाहून थांबली. मले वाटलं, आता येईल आवाज. दादा, तो कांदा भाजीत घाल. पंखा फिरत राहिला. यांनीही घास हातात धरून ठेवला होता. तेही थांबले होते, मले कळलं. भांडायले कोणी नसलं तर हे घर कसं चालवायचं, हे सांगून तरी जायचं होतं. आता दोघांच्या मधे पोळी घेऊन मी एकटी उभी, अन् एक बाजू रिकामी.

तुझी तेरवी झाली. काल मी म्हटलं, घर थोडं मार्गी लावावं, उरलेल्या वड्या घालून टाकाव्या. ताडपत्री धुऊन वाळवून कठड्यावर होती. मी ती पसरायले छतावर गेली तर ताडपत्री नाही. अगदी तसंच, बेबी, डाळीचं पातेलं हातात अन् छत मोकळं. क्षणभर मी खरंच ओरडली, 'बेबी!'

खाली आली. समोरच्या दाराच्या मागं, हात घातला की सापडेल अशी, नीट चौकोनी घडी. त्यावर तुझी शिट्टी. शेजारी एक नवी कोरी बादली. अन् हे चपला घालून बाहेर निघून राहिले, डोक्याले दुपट्टा, खिशात नवा कांदा.

मी म्हटलं, माझी ताडपत्री काहून खाली आणली? मले वड्या घालायच्या आहेत.

'त्यावर नको घालू,' म्हणाले. 'तुले दुसरी आणून देतो. बाजारातच चाललो.'

'अन् हिले काय झालं?'

ते चपलेचा अंगठा नीट करत राहिले. माझ्याकडं पाहिलं नाही.

'ती बेबीची आहे,' म्हणाले.